बोमाँ-हामेलची बाग



आज आम्ही तुम्हांला एका बागेची माहिती सांगणार आहोत. बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे येतात, कारंजे येते, मुलांचे झोपाळे येतात. या बागेत त्यातले काही नाही. इथे गवत आहे, चरणारी मेंढरे आहेत, कडेने झाडे आहेत. आणि जमिनीत वेड्यावाकड्या चरांच्या रांगा आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या चरांत बंदुका घेऊन माणसे उभी होती. लढाई संपली, पण ते चर कुणी बुजवले नाहीत. मुद्दाम तसेच राखले. कुणी राखले, कशासाठी राखले, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते आज बघू.

बागेचे नाव बोमाँ-हामेल स्मारक उद्यान. ती आहे फ्रान्स देशात. तिची देखभाल करतो कॅनडा देश. आणि ती उभारली न्यूफाउंडलंड नावाच्या एका बेटावरच्या लोकांनी. म्हणाल, हा काय गोंधळ आहे? जागा एकाची, राखण दुसऱ्याची, आणि उभारली तिसऱ्यानेच! तर हा गुंता आम्ही एकेक धागा करून सोडवतो.

आधी बेटाकडे जाऊ. कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिक महासागरात न्यूफाउंडलंड बेट आहे. हवा थंड, जमीन खडकाळ, शेती थोडी. १९१४ साली तिथली वस्ती सुमारे २ लाख ४० हजार होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. बहुतेक लोक मासेमारीवर जगत. आपल्या किनाऱ्यावर जसे बोंबील वाळत घालतात, तसे तिकडे कॉड नावाचा मासा मीठ लावून लाकडी माचांवर वाळवीत.

हंगाम सुरू झाला की व्यापारी कोळ्याला जाळे, मीठ, पीठ उधार देई. हंगाम संपला की मासे घेऊन हिशोब करी. माशाचा भावही व्यापारीच ठरवी. कोळ्याच्या हाती रोख पैसा क्वचितच पडे. कर्जाची ही रीत तुम्हांला समजावून सांगायला नको. आपल्या आज्यापणज्यांनी ती भोगली आहे.

त्या काळी हे बेट कॅनडात नव्हते. ब्रिटनच्या साम्राज्यात होते, पण घरचा कारभार स्वतः चालवीत होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात पहिले महायुद्ध पेटले. बेटाने आपली पलटण उभी केली. पोरे भराभर नाव नोंदवायला आली. कुणी राजनिष्ठेने आले, कुणी दोस्त गेला म्हणून गेले, कुणी जग बघायला निघाले. शिपायाला दिवसाला एक डॉलर रोख पगार होता, तेही एक कारण होतेच.

पहिली सुमारे ५०० माणसांची तुकडी १९१४ च्या ऑक्टोबरात 'फ्लोरिझेल' नावाच्या बोटीने निघाली. पायाला गुंडाळायला खाकी पट्ट्या मिळेनात, म्हणून त्यांना निळ्या पट्ट्या दिल्या. 'निळ्या पट्टीवाले' असेच त्यांचे नाव पडले. इंग्रजीत या पट्टीला जो शब्द आहे तो आपल्या 'पट्टी' वरूनच गेला आहे. हिंदुस्थानातल्या फौजेतून तो तिकडे पोहोचला. शब्द किती लांबचा प्रवास करतात बघा!

ही पलटण १९१५ साली तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढली. तिथून १९१६ च्या वसंतात तिला फ्रान्समध्ये आणले. सोम नावाच्या नदीच्या परिसरात, बोमाँ-हामेल या खेड्यासमोर ती उभी राहिली.

आता खंदक म्हणजे काय ते समजून घ्या. दोन्ही फौजा जमिनीत माणसाच्या उंचीएवढे चर खणून बसल्या होत्या. चर सरळ खणत नसत. नागमोडी खणत. कारण सरळ चरात तोफेचा गोळा पडला, तर त्याचे तुकडे लांबवर जाऊन रांगच्या रांग मारतील. वळणे असली की पुढची माणसे वाचतात. इकडे ब्रिटिशांचे खंदक, तिकडे जर्मनांचे, आणि मधे मोकळी जमीन. त्या जमिनीवर काटेरी तारांचे जाळे. जो वर डोके काढील त्याला गोळी ठरलेली.

ब्रिटिश सेनापतींनी मोठा हल्ला ठरवला. आधी आठवडाभर रात्रंदिवस तोफा डागल्या. त्यांना वाटले, समोर आता कुणी जिवंत उरले नसेल. पण तिथली जमीन चुनखडीची. जर्मनांनी त्या चुनखडीत खोल तळघरे खणली होती. वर गोळे पडत होते आणि खाली माणसे जिवंत होती.

१ जुलै १९१६ चा दिवस उजाडला. आकाश निरभ्र होते. सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी ब्रिटिशांनी जर्मन मोर्च्याखाली पेरलेला मोठा सुरुंग उडवला. हल्ला सुरू व्हायचा होता साडेसातला. मधे दहा मिनिटे गेली. त्या दहा मिनिटांत जर्मन सावध झाले, तळघरांतून वर आले आणि मशिनगना रोखून बसले. पहिल्या पलटणी निघाल्या त्या तिथेच आडव्या झाल्या.

न्यूफाउंडलंडची पलटण मागच्या खंदकात वाट बघत होती. एवढ्यात पुढून एक पांढरा अग्निबाण वर गेला. ती जर्मनांची खूण होती. मागच्या अधिकाऱ्यांना वाटले, आपलेच लोक पुढे पोहोचले. त्यांनी या पलटणीला निघण्याचा हुकूम दिला. पुढच्या खंदकापर्यंत जाणारे चर तर मेलेल्या नि घायाळ माणसांनी भरून गेले होते. वाटच नव्हती. म्हणून सव्वानऊच्या सुमाराला सुमारे ८०० जण मागच्याच खंदकातून वर चढले आणि उघड्यावरून चालू लागले. त्या वेळी आजूबाजूला दुसरी हालचाल थोडीच होती. त्यामुळे शत्रूची नजर यांच्यावर खिळली.

प्रत्येकाच्या अंगावर २५ ते ३० किलोचे ओझे. पाठीवर पत्र्याचा त्रिकोण बांधलेला. आपल्या विमानांना आपली माणसे ओळखू यावीत म्हणून तो दिला होता. ही माणसे पळाली नाहीत. हिमवादळात कोळी जशी हनुवटी छातीशी धरून चालतो, तशी मान खाली घालून ती चालत गेली, असे बघणाऱ्यांनी सांगितले आहे. आपल्याच काटेरी तारांत बाहेर पडायला थोड्याच फटी होत्या. तिथे गर्दी झाली, आणि मशिनगना नेमक्या त्या फटींवर रोखलेल्या होत्या. मधल्या उतारावर एक वठलेले झाड होते. त्याच्या आसपास पुष्कळ जण पडले. अर्ध्या तासात सारे संपले.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. ८०० पैकी ६८ जणांनी 'हजर' म्हटले. बाकीचे ७०० हून अधिक मेले होते, जखमी होते किंवा बेपत्ता होते. पुढे चालून गेलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकही धड राहिला नाही. त्या एका दिवसात साऱ्या ब्रिटिश फौजेचे १९ हजारांहून अधिक लोक मेले. आणि ते खेडे? ते घ्यायला नोव्हेंबर उजाडला. ते घेतले दुसऱ्याच पलटणींनी.

मंडळी, शौर्य म्हणावे तर ते होतेच. पण आपण डोळे उघडे ठेवून बोलू या. ही माणसे चुकीच्या अंदाजावर आणि चुकीच्या खुणेवर पुढे धाडली गेली. अंदाज बांधणारे मागे होते. त्या शिपायांना मान देताना त्या हुकमाला मान द्यायची गरज नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बेटावर बातमी पोहोचली तेव्हा गावेच्या गावे हादरली. वस्ती लहान, माणूस माणसाला ओळखणारा. एका आडनावाचे चार तरुण त्या एका दिवशी गेले. पुष्कळ जणांचे देह सापडलेच नाहीत. आईने रडायचे तर कुठल्या मातीवर रडायचे?

लढाई संपल्यावर या प्रश्नाला उत्तर शोधले गेले. टॉमस नँगल नावाचे एक पाद्री त्या पलटणीबरोबर होते. मेलेल्यांच्या कबरी शोधण्याचे आणि नोंदवण्याचे काम त्यांच्याकडे आले. जिथे ही माणसे पडली तीच जमीन विकत घ्यावी, असे ठरले. काम सोपे नव्हते. ती जमीन सुमारे २५० फ्रेंच शेतकऱ्यांच्या तुकड्यातुकड्यांची होती. नँगल यांनी त्यांच्याशी बोलणी केली. आपल्याकडे दोन भावांच्या वाटणीत बांधावरून किती वर्षे जातात ते तुम्हांला ठाऊक आहे. इथे अडीचशे खातेदार होते, भाषा परकी होती, आणि शेतकरी आपल्या उद्ध्वस्त गावी नुकते परतत होते. तरी सौदा झाला. एकूण ७४ एकर जमीन मिळाली. ७ जून १९२५ रोजी बाग सर्वांसाठी खुली झाली.

बागेची आखणी रुडॉल्फ कोशियस यांनी केली. त्यांनी खंदक बुजवले नाहीत. गोळ्यांचे खड्डे सपाट केले नाहीत. जमीन होती तशी ठेवली आणि तिच्यावर गवत येऊ दिले. कडेने मात्र न्यूफाउंडलंडची झाडे लावली. ५ हजारांहून अधिक रोपे समुद्रापलीकडून आणली होती. त्यांत सुईसारख्या पानांची, बर्फात टिकणारी झाडे होती. घरी परत न आलेल्या पोरांजवळ घरची झाडे असावीत, हा त्यामागचा भाव.

बागेत एक उंचवटा आहे. खडक रचून तो केला आहे. त्याच्यावर ब्राँझचा कॅरिबू उभा आहे. कॅरिबू म्हणजे त्या थंड मुलखातला, आपल्या सांबरासारखा मोठ्या शिंगांचा प्राणी. तो त्या पलटणीचे निशाण होता. बेझिल गॉटो या शिल्पकाराने तो घडवला. तोंड वर करून तो शत्रूच्या खंदकांच्या दिशेने बघतो. असेच कॅरिबू ही पलटण जिथे जिथे लढली त्या आणखी ठिकाणी बसवले आहेत. गॅलिपोलीचा राहिला होता. तोही २०२२ साली बसवला.

उंचवट्याच्या पायथ्याशी ब्राँझचे तीन पत्रे आहेत. त्यांवर ८२० नावे कोरली आहेत. ज्यांची कबर कुठेच नाही, अशा न्यूफाउंडलंडच्या माणसांची ही नावे. त्यांत शिपाई आहेत, आरमारातले खलाशी आहेत, व्यापारी बोटींवरचे लोकही आहेत.

आता तिथल्या निसर्गाबद्दल थोडे. वरवर बघितले तर हिरवळ शांत दिसते. पण पोटात लोखंड आहे. न फुटलेले गोळे अजून मातीत आहेत. त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या नांगराला ते दरवर्षी लागतात. म्हणून बागेतही सगळीकडे फिरता येत नाही. आखलेल्या वाटेनेच जावे लागते. गवत वाढले तर कापणार कसे? यंत्र फिरवणे धोक्याचे. म्हणून तिथे मेंढरे सोडतात. त्यांच्या चरण्याने गवत आटोक्यात राहते आणि मातीही धरून राहते.

मातीला दुसराही धोका आहे. पाऊस, थंडी आणि बघायला येणाऱ्यांचे पाय. शंभर वर्षांत खंदकांच्या कडा ढासळल्या, तळ भरत आला. ताल बांधला नाही तर आपल्या शेताचा बांध कसा वाहून जातो, तसेच हे. म्हणून काही भाग बंद ठेवतात, वाटा बांधून घेतात, गवताची मुळे जपतात. ते वठलेले झाडही आता मूळचे नाही. त्याच्या जागी तसेच दुसरे उभे केले आहे. आठवण ठेवायची तर अशी रोजची मेहनत लागते. एकदा फीत कापून भागत नाही.

या लढाईची किंमत बेटाने पुढेही मोजली. युद्धात पलटण पोसली, जखमींना निवृत्तिवेतन द्यावे लागले, त्याचे कर्ज राहिले. त्यात रेल्वेचे कर्ज होते. पुढे जगभर मंदी आली, माशाला भाव राहिला नाही. अखेर १९३४ साली न्यूफाउंडलंडने आपला घरचा कारभार सोडून दिला, आणि ब्रिटनने नेमलेले मंडळ राज्य करू लागले. म्हणजे हातचे स्वराज्य गेले. मग १९४८ मध्ये लोकांचे मत घेतले आणि १९४९ साली ते बेट कॅनडाचा एक प्रांत झाले. तेव्हापासून ही बाग कॅनडाकडे आली. आता गुंता सुटला ना?

आजही कॅनडातले विद्यार्थी तिथे जाऊन राहतात आणि येणाऱ्यांना माहिती सांगतात. १ जुलै हा साऱ्या कॅनडात आनंदाचा राष्ट्रीय दिवस. पण न्यूफाउंडलंडमध्ये त्या दिवशी सकाळी आधी मृतांचे स्मरण होते, लोक छातीवर छोटे निळे फूल लावतात, आणि मग दुपारनंतर उत्सव. २०२४ साली फ्रान्समधून एका अनोळखी न्यूफाउंडलंडी शिपायाच्या अस्थी बेटावर परत नेल्या. १ जुलै २०२४ रोजी सेंट जॉन्स या त्यांच्या राजधानीत त्याला मूठमाती दिली. नाव ठाऊक नाही, पण घरचा आहे, एवढे पुरे झाले.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती आम्हांला फार मोलाची वाटते. ज्या १९२५ साली बाग खुली झाली, त्याच साली बेटावर मृतांच्या स्मरणार्थ एक कॉलेज निघाले. तोवर तिथे कॉलेज नव्हते. पुढे १९४९ साली त्याचे विद्यापीठ झाले. मेलेल्यांच्या नावाने जिवंत पोरांना विद्या मिळाली.

आता तुम्ही विचाराल, सातासमुद्रापलीकडची ही कथा आम्हांला कशासाठी? तर ऐका. त्या पहिल्या महायुद्धात आपल्या देशातले १० लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले होते. आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथले कुट शहर पडले २९ एप्रिल १९१६ रोजी. म्हणजे बोमाँ-हामेलच्या दोनच महिने आधी. वेढ्यात उपासमार, मग कैद. पुष्कळ जण परतलेच नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. आजही त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात.

मग त्यांची नावे कुठे आहेत? फ्रान्समध्येच न्यूव्ह शापेल इथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. तिथे ४७०० हून अधिक नावे कोरली आहेत. ते बरे झाले. पण इराकात बसरा इथे जे मोठे स्मारक उभारले, तिथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले आणि हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. आपल्या साध्या शिपायाचे मात्र कोरले नाही. अमुक पलटणीचे इतके, एवढाच आकडा लिहिला. या कबरी नि स्मारके राखणाऱ्या संस्थेनेच २०२१ साली अहवाल काढून कबूल केले, की हिंदी, आफ्रिकी आणि इतर हजारो मृतांचे स्मरण बरोबरीच्या नात्याने झाले नाही.

आपल्याकडे कित्येक गावांत जुनी दगडी पाटी दिसते. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या भिंतीत बसवलेली. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असे तिच्यावर असते. आकडा असतो. नाव नसते. बोमाँ-हामेलच्या पत्र्यांवरचा कोळी आणि आपल्या पाटीवरचा शेतकरी, दोघेही सारखेच मेले. एकाचे नाव उरले, दुसऱ्याचा आकडा उरला. मग हे कुणी दुरुस्त करायचे? ७४ एकर जमीन घ्यायला आपल्याजवळ पैसा नाही. ब्राँझचे पत्रे ओतायला नाही. पण एक गोष्ट आता आपल्या हाती आली आहे, ती म्हणजे अक्षर.

म्हणून आम्ही एक काम सुचवतो. घरी गेलात की म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्या भावकीत पलटणीत कोण होते? पहिल्या महायुद्धात कोण गेले, दुसऱ्या महायुद्धात कोण? स्वातंत्र्यानंतर १९४८, १९६२, १९६५, १९७१ सालच्या लढायांत कोण होते? आत्याबाईंना विचारा, माहेरवाशिणींना विचारा. बायकांच्या ध्यानात असे पुष्कळ असते. कुणाच्या पेटीत जुने पदक असेल. त्याच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेले असते, ते वाचा. कुणाकडे पेन्शनचा कागद असेल. गावात आज जे माजी सैनिक आहेत, त्यांच्याजवळ बसा. जे मेले त्यांच्याइतकेच जे परत आले त्यांचेही ऐका. त्यांनी काय पाहिले ते बहुतेकांना कुणी विचारलेलेच नसते.

मग एक वही करा. त्यात नाव लिहा, बापाचे नाव लिहा, आईचेही लिहा. कुठल्या साली गेला, कुठल्या पलटणीत होता, परत आला की नाही, ते लिहा. जे नक्की ठाऊक नाही ते उगाच भरू नका, जागा मोकळी सोडा. पुढे कुणी भरील. वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. आणि जमले तर त्या पाटीजवळची काटेरी झुडपे काढून एक झाड लावा. पाणी घालायची पाळी ठरवा. बोमाँ-हामेलला मेंढरे राखण करतात, इथे आपली पोरे करतील.

तुमच्यापैकी कुणाचे अक्षर अजून वाकडे येत असेल. येऊ द्या. त्या फ्रान्समधले खंदकही वाकडेच आहेत. नाव शुद्ध लिहिले म्हणजे झाले. पुढच्या वर्गाला येताना निदान एक नाव लिहून आणा. ते आपण सगळे मिळून मोठ्याने वाचू.